लहानीच्या पदराखालच्या बाटल्या

लहानीच्या लग्नाला दुसरं वर्ष लागलं होतं, तेव्हा महिपतच्या अंगावर ट्रॅक्टरची ट्रॉली उलटली. खडी भरलेली ट्रॉली उतारावर उभी होती आणि महिपत मागं वाकून चाकाला दगड लावत होता. दगड सरकला, ट्रॉली कलंडली. माणसांनी हातांनी खडी उपसून त्याला बाहेर काढला तेव्हा तो शुद्धीवर होता आणि "पाय हायत का माजे?" एवढंच विचारत होता. पाय होते. कमरेचं हाड मोडलं होतं. आत आणखी काय काय तुटलं होतं ते ठाण्याच्या डॉक्टरांनी उघडून बघितलं तेव्हा कळलं.

सापगावजवळच्या आपल्या वाडीत महिपतनं सगळा पावसाळा खाटेवर काढला. लघवीची वाट तुटली होती म्हणून ओटीपोटातून नळी काढलेली, नळीची पिशवी खाटेच्या पायाला बांधलेली. ती पिशवी लहानी रिकामी करायची. तिचं माहेर सिद्धगडाच्या पायथ्याचं. डोक्यावर मोळी घेऊन कडा उतरण्यात तिचं लहानपण गेलं होतं. रडत बसायचा तिचा स्वभाव नव्हता. तिनं नवऱ्याला उठवला, बसवला, भिंतीला धरून चालवला. पुढं नळी निघाली, लघवीची वाट शिवून झाली, आणि दिवाळीनंतर महिपत एक पाय किंचित ओढत का होईना, शेतावर जायला लागला. वाडी म्हणाली, देव पावला.

एक गोष्ट मात्र परत आली नाही. ठाण्याच्या डॉक्टरांनी ती महिपतला पडद्यामागं हळू आवाजात सांगितली आणि महिपतनं लहानीला एका वाक्यात सांगितली, "त्ये आता व्हनार नाय." त्यानंतर त्या विषयावर तो कधी बोलला नाही.

घरात तिसरं माणूस म्हणजे महिपतची आई धोंडूबाई. नवरा लवकर गेलेला, एकुलत्या एका लेकाला तिनं दुसऱ्यांच्या शेतावर लावणी-कापणी करून वाढवलं होतं. बाई वाईट नव्हती. पण तिला नातू हवा होता, आणि नातू का होत नाही हे तिला कोणी सांगितलं नव्हतं. आधी ती नुसती विचारायची. मग टोमणे सुरू झाले. मग ती सुनेला देवऋषाकडं घेऊन गेली, पाळण्याच्या कार्यक्रमाला लहानीला मागं उभी राहायला सांगू लागली, आणि एक दिवस जेवताना सरळ म्हणाली, "वांज बाय पोसायला आमी काय जहागिरदार नाय. महिपत, दुसरीचं बग."

महिपत खाली मान घालून जेवत राहिला. भाताचा एकेक घास गिळत राहिला. लहानी सासूवर रागावली नाही. ती त्या खाली घातलेल्या मानेवर रागावली.

त्याच सुमारास किन्हवलीच्या रस्त्यावर एका ट्रस्टनं बंद पडलेल्या पोल्ट्रीच्या शेडा घेतल्या आणि तिथं संशोधन केंद्र काढलं. आत काय चालतं ते कोणाला ठाऊक नव्हतं, पण ससे ठेवलेत एवढं सगळ्यांनी बघितलं होतं, म्हणून लोक त्याला 'सशांची कंपनी' म्हणायचे. सशांना गवत घालायला आणि पिंजरे धुवायला बाई हवी होती. लहानी लागली. घरातून दिवसभर बाहेर राहायला मिळतं, हेच तिला मोठं होतं.

केंद्राच्या मुख्य डॉक्टर कुणाली देसले. भिवंडीकडच्या शेतकऱ्याची मुलगी, शिकून मोठी झालेली, तिशी ओलांडलेली, बोलायला सरळ. त्यांची एक काचेची खोली होती. तिथं लहानीनं चपला काढून, टोपी घालून फक्त लादी पुसायला जायचं. खोलीत एक पेटी होती, दिवसरात्र माणसाच्या अंगाएवढी गरम राहणारी. डॉक्टर तिला इन्क्युबेटर म्हणायच्या, लहानी उबेची पेटी म्हणायची. आत चपट्या बाटल्यांतून गुलाबी पाणी भरलेलं असायचं.

वर्षभर लहानीनं काही विचारलं नाही. पण पिंजरे धुताना तिच्या लक्षात आलं की ऑपरेशन होतं ते फक्त नरांचं, आणि टाके असतात ते एकाच जागी. एक दिवस एक ससा कोपऱ्यात अंग चोरून बसला होता. तिला राहवलं नाही.

"म्याडम, ह्येंचं तिथंच का कापता?"

डॉक्टरांनी हातातलं काम थांबवलं. तिला टाळायचं की सांगायचं, याचा त्यांनी क्षणभर विचार केला असावा. मग म्हणाल्या, "लहानीताई, पुरुषाच्या इंद्रियात स्पंजासारखं मांस असतं. त्यात रक्त भरलं की ते ताठ होतं. अपघातात, मधुमेहात ते मांस खराब होतं, मग काही होत नाही. औषधं निघालीत, पण सगळ्यांना लागू पडत नाहीत. तसं मांस बाहेर, बाटलीत वाढवता येतं का, ते आम्ही बघतोय. सशाचं थोडं जमलंय. माणसाचं अजून नाही."

लहानीच्या हातातली पाण्याची नळी तशीच वाहत राहिली. पिंजऱ्याखालचं गवत वाहून गटारीत गेलं तरी तिला कळलं नाही.

पुढं कित्येक दिवस ती डॉक्टरांसमोर मान वर करेना. मग एका दुपारी काचेच्या खोलीच्या दाराशी उभी राहिली आणि म्हणाली, "माजा मानूस तसा हाय."

डॉक्टरांनी तिला आत घेतलं. लहानीनं ट्रॉलीपासून सगळं सांगितलं. आणि शेवटी विचारलं, "त्याला बसवाल का ह्ये?"

"नाही," डॉक्टर म्हणाल्या. "खोटं सांगणार नाही. माणसाला बसवण्याइतकं हे पुढं गेलेलं नाही. तुमच्या-माझ्या हयातीत जाईल की नाही तेही माहीत नाही."

"मंग ह्ये सगळं कशाला?"

"कोणीतरी सुरुवात केल्याशिवाय पुढं कसं जाणार?"

लहानी घरी निघाली तेव्हा तिला वाटलं, विचारलं नसतं तर बरं होतं. पण महिपतची लघवीची वाट पुन्हा आवळत चालली होती. तो झाडामागं जाऊन कितीतरी वेळ उभा राहायचा, कपाळावर घाम यायचा. ठाण्याच्या डॉक्टरांनी पुन्हा ऑपरेशन सांगितलं होतं. हे कळल्यावर कुणालीताईंनीच विषय काढला. ठाण्याचे ते सर्जन त्यांच्या ओळखीचे होते, आणि अशा ऑपरेशनच्या वेळी पेशंटची परवानगी असेल तर त्या स्पंजासारख्या मांसाचा अगदी लहानसा तुकडा ते संशोधनासाठी देत असत.

आता नवऱ्याला सांगणं आलं. म्हणजे आपण गुपित फोडलं, हेही सांगणं आलं.

कापणी उरकून झोडणी चालली होती. महिपत खळ्यावर एकटा भाताच्या पेंढ्या फळीवर आपटत होता. लहानीनं जवळ जाऊन सांगितलं. तो थांबला नाही. पेंढी आणखी जोरानं आपटायला लागला, दाणे खळ्याबाहेर उडायला लागले.

"कोनाकोनाला सांगतलंस?"

"एकीला."

"बाईला?"

"डॉक्टरला."

त्यानं हातातली पेंढी फेकून दिली आणि नदीकडं निघून गेला. त्यानंतर तो लहानीच्या हातचं जेवेना. आईला वाढायला सांगायचा. धोंडूबाईला वाटलं, लेकाचं मन अखेर वळलं. तिनं वासिंदकडच्या एका मुलीची चौकशीसुद्धा केली.

पण दुखणं कोणाला सोडतं? थंडीत एकदा महिपतची लघवी पूर्ण अडली. शहापूरच्या दवाखान्यात पुन्हा नळी घालावी लागली. तिथल्या बाकावर बसल्या बसल्या तो लहानीकडं न बघता म्हणाला, "चल तुज्या बाईकडं. काय म्हनते ती ऐकू."

कुणालीताईंनी त्याला खोलीत बसवलं नाही. शेडमागं जांभळाच्या झाडाखाली दोन खुर्च्या मांडल्या. लहानी थोड्या अंतरावर उभी राहिली.

"तुम्हाला याचा काहीही फायदा होणार नाही," डॉक्टर म्हणाल्या. "हे मी आधीच सांगते."

"मंग मी कशाला देऊ?"

"देऊ नका. नाही म्हणालात तरी तुमचं ऑपरेशन तसंच होईल, तेच डॉक्टर करतील."

महिपत पायाच्या अंगठ्यानं माती उकरत राहिला. "बाटलीवर माजं नाव लिवाल?"

"नाही. नुसती खूण."

"शापुरात कोनाला कळंल?"

"माझ्याकडून नाही."

 आत ससे पिंजऱ्यात पाय आपटत होते, त्याचा आवाज येत होता.

"ट्रॉली पडल्यापासनं माज्यात कायच नाय," महिपत म्हणाला.  "ह्या बाईला लोक नाय नाय त्ये बोलतात. मी ऐकून घेतो. घ्या तुकडा. कापून काढलेलं तरी कामाला येतंय का बगू."

लहानीनं तोंड फिरवलं. इतक्या वर्षांत त्यानं हे तोंडानं उच्चारलेलं ती पहिल्यांदाच ऐकत होती.

ऑपरेशन झालं, नीट झालं. तुकडा भाताच्या दाण्याएवढा होता. डॉक्टरांनी त्यातल्या पेशी सुट्या केल्या, स्नायूच्या वेगळ्या आणि रक्तवाहिनीच्या अस्तराच्या वेगळ्या, आणि गुलाबी पाण्यात सोडल्या. पाणी पिवळं पडलं की बदलायचं, म्हणजे पेशी खातायत असं समजायचं. एकदा त्यांनी लहानीला दुर्बिणीतून बघू दिलं. ओढ्याच्या पाण्यात बारीक मासोळ्या सगळ्या एकाच दिशेला तोंड करून उभ्या राहाव्यात, तसं काहीतरी दिसत होतं. मग त्या पेशी पांढऱ्या, जाळीदार चकत्यांवर पेरल्या आणि चकत्या बाटल्यांत ठेवल्या. चकत्या कातडीतल्याच एका द्रव्याच्या केलेल्या. त्या जाळीच्या आधारानं मांस धरायचं होतं.

लहानी घरी जाऊन भाकरी थापता थापता म्हणायची, "वाढतंय." महिपत "हं" म्हणायचा. तो आता तिच्या हातचं जेवत होता. एकदा त्यानं विचारलं, "काय खातंय त्ये?"

"साखरपानी. औषिद."

"माज्यापरीस बरं खातंय," तो म्हणाला, आणि अपघातानंतर पहिल्यांदाच ती दोघं एकदम हसली. बाहेर धोंडूबाईनं ते हसणं ऐकलं आणि भांडी जोरात आपटली.

दोन हजार पाचचा उन्हाळा. खेड्यापाड्यांत लोडशेडिंगचा कहर होता. दिवसाचे निम्मे तास लाईट नाही, पाण्याचे पंप बंद, विहिरी तळाला गेलेल्या. केंद्राला जनरेटर होता म्हणून उबेची पेटी चालत होती. एप्रिलातल्या एका दुपारी रस्त्यापलीकडचा ट्रान्सफॉर्मर धडाड करून उडाला. जनरेटर लावला तर तो दोनदा खोकला आणि काळा धूर ओकून बंद पडला. मिस्त्री शहापूरहून यायला संध्याकाळ होणार होती.

कुणालीताईंनी पेटीचा काटा बघितला. खाली उतरत होता. बाहेर कितीही ऊन असलं तरी त्या पेशींना लागणारी ऊब अगदी ठरलेली. कमी झाली तर त्या मलूल पडत, जास्त झाली तर शिजत. चकत्यांवरचं मांस पुढच्याच आठवड्यात तपासायचं होतं. आतापर्यंत माणसाच्या पेशींचं एवढं त्यांच्याकडं कधी वाढलंच नव्हतं.

"मुरबाडला औषधांच्या एका कारखान्यात अशीच पेटी आहे," त्या म्हणाल्या. "तिथवर न्यायला हवं. पण न्यायचं कसं? गरम पाण्याच्या डब्याचा भरवसा नाही, वाटेत जास्त तापेल नाहीतर निवेल." मग त्या थांबल्या. स्वतःच्या पोटाकडं बघितलं. "माणसाचं अंग मात्र बरोबर तेवढंच गरम असतं."

बाटल्या चार होत्या. झाकणं घट्ट आवळून डॉक्टरांनी दोन आपल्या कुडत्याच्या आत पोटाला लावल्या आणि ओढणीनं करकचून बांधल्या. दोन लहानीला दिल्या. लहानीनं त्या ओटीत घेतल्या, कातडीला भिडवून, वरून पदर गुंडाळून खोचला. बाटल्या आडव्याच राहायला हव्या होत्या, धक्का लागता कामा नये होता. म्हणून ती जीपमध्ये पाठ टेकून, दोन्ही हात पोटावर ठेवून बसली. सावळाराम नावाचा ड्रायव्हर होता. डॉक्टर त्याला म्हणाल्या, "जोरात घ्या, पण खड्ड्यात घालू नका."

"दोन्ही एकदम कसं व्हईल म्याडम," तो म्हणाला, पण त्यानं गाडी काढली.

किन्हवली मागं पडली. लहानीला आधी काच थंड लागत होती, मग तिच्या अंगाची ऊब काचेत उतरली आणि कातडी कुठं संपते आणि काच कुठं सुरू होते ते कळेनासं झालं. नवऱ्याचं मांस पोटाशी धरून ती चालली होती. हसावं की रडावं हे तिला कळत नव्हतं, म्हणून ती रस्त्याकडं बघत बसली.

सरळगावच्या नाक्यावर गाडी थांबली. रास्ता रोको चालू होता. टायर पेटवलेले, बाया रिकामे हंडे घेऊन रस्त्यात बसलेल्या, पुरुष गाड्यांच्या पुढं उभे. सावळारामनं डोकं बाहेर काढून सांगितलं, "डॉक्टरची गाडी हाय, जाऊ द्या."

एकजण पुढं आला. जीपच्या दारावरचं नाव त्यानं वाचलं. "ही सशांची कंपनीवाली! ह्येंच्या सशांना जनरेटर, आन आमच्या पोरांना प्यायला पानी नाय!"

"उतरा खाली!" मागून कोणीतरी ओरडलं. बोनेटवर थापा पडल्या. गाडी हलली. लहानीनं हात आणखी घट्ट केले. डॉक्टरांनी काच खाली करून शांतपणे सांगायचा प्रयत्न केला, पण ऐकतो कोण? खाली उतरलं तर धक्काबुक्की होणार, ओढणी सुटणार, आणि बाटल्या निघाल्या की त्यात काय आहे हे विचारणार. ते काय सांगणार? ह्या जमावासमोर?

तेवढ्यात एका बाईनं लहानीच्या बाजूच्या काचेला नाक लावलं. "अगो, लहानी ना तू?"

ती ठकी होती. लहानीच्या वाडीतली, भिंतीला भिंत लागलेली शेजारीण. माहेरी सरळगावला आली होती आणि हंडा घेऊन रस्त्यावर बसली होती. तिचे डोळे लहानीच्या चेहऱ्यावरून पोटावर आले. घट्ट धरलेले हात, फुगलेली ओटी, मागं टेकलेली पाठ आणि शेजारी डॉक्टरीण.

"दिवस गेलेत का काय गो?"

लहानीला "नाय" म्हणायचं होतं. बोनेटवर पुन्हा थाप पडली, जीप हिंदकळली, एक बाटली कातडीवर सरकली. तिनं मान हलवली. होय म्हणून.

"अरे, पोटुशी हाय ती!" ठकी फिरून ओरडली. "तरास व्हतोय तिला, डॉक्टरीण घेऊन चाललीय! पयलटकरीण हाय रे, रस्ता सोडा!"

बाया भराभरा उठल्या. पुरुषांना त्यांनीच बाजूला लोटलं, एकीनं जळता टायर काठीनं सरकवला. एका म्हातारीनं खिडकीतून हात घालून लहानीच्या डोक्यावर ठेवला आणि "सुकानं सुटशील" म्हणाली. गाडी पार झाली. 

"लहानीताई," डॉक्टर म्हणाल्या.

"म्याडम, फुडं बगा," लहानी म्हणाली. तिच्या गालांवरून पाणी वाहत होतं, पण हात पोटावरून हलले नव्हते.

मुरबाडला बाटल्या पेटीत गेल्या. गर्दीतल्या हिसक्यांत डॉक्टरांच्या एका बाटलीचं झाकण ढिलं झालं होतं, ती वाया गेली. बाकीच्यांतलं पाणी गुलाबी होतं. डॉक्टरांनी लहानीचे हात हातात घेतले. पण लहानीचं लक्ष तिथं नव्हतं. ठकी कधी परत येईल, याचा ती हिशेब करत होती. त्याआधी महिपतला गाठायचं, सगळं सांगायचं.

ठकीच्या भावाकडं मोबाईल होता, हे तिला ठाऊक नव्हतं.

उन्हं कलताना सावळारामनं तिला वाडीच्या तोंडाशी सोडलं, तेव्हा घरासमोर बाया जमलेल्या दिसल्या. धोंडूबाई उंबऱ्यात भाकरतुकडा आणि पाण्याचा तांब्या घेऊन उभी होती. तिनं सुनेवरून भाकरतुकडा ओवाळून टाकला, डोळ्यांना पाणी लावलं, आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदा लहानीची हनुवटी धरली. "माजी गुनाची बाय. मला का नाय सांगतलंस गो?" वाडीतली, तोंडाचं बोळकं झालेली कमळाबाई तिची ओटी भरायला नारळ घेऊन बसली होती.

महिपत अंगणाच्या कडेला दगडावर कोयता घासत होता. त्यानं एकदाच वर बघितलं.  ते पोट आपलं असू शकत नाही, हे त्या सगळ्या माणसांत त्या एकट्याला पक्कं माहीत होतं.

तो कोयता घेऊन उठला आणि घरामागच्या गुरांच्या वाडग्यात गेला. लहानी बायांचे हात सोडवून त्याच्या मागं गेली.

"कोनाचं हाय?" त्यानं विचारलं. आवाज इतका बारीक की तिलाही जेमतेम ऐकू आला.

"तुमचंच."

त्याचा कोयत्याचा हात वर गेला. लहानी मागं सरली नाही. "मारायच्या आधी ऐका," ती म्हणाली. "बाटल्या व्हत्या पोटाला. तुमच्या. लाईट गेली, जनरेटर बंद पडला. उबेला धरून मुरबाडला न्हेल्या. लोकांनी गाडी अडवली, ठकीनं विचारलं, मी मान हलवली. अजून काय करनार व्हते मी? बाटल्या काढून दाखवू? ह्ये माज्या नवऱ्याचं हाय म्हनू?"

तिनं पदर बाजूला केला. पोटावर बाटलीच्या कडांचे लाल वळ उठले होते.

महिपत ते वळ बघत राहिला. हात हळूहळू खाली आला. कोयता हातातून सुटून गवतात पडला आणि तो कुडाला पाठ लावून मटकन खाली बसला. "मी तुला मारनार व्हतो," तो म्हणाला. "खरंच मारनार व्हतो गो."

पुढून बायांचं हसणं ऐकू येत होतं. लहानी त्याच्यासमोर उकिडवी बसली. "मयन्याभरानं सांगू, पडलं म्हनून. बायांचं पडतं. कोनी विचारनार नाय. आत्याबाई पन गप बसतील थोडं दिवस."

तिला हे खरंच सोपं वाटत होतं.  महिपतनं डोक्याला बांधलेलं फडकं सोडून तोंड पुसलं. "आन मंग? मंग तुजा पाय वाईट म्हनतील. फुडल्या साली आयच्या तोंडी पुन्हा वासिंदवाली. मी पुन्हा मान घालून जेवू?"

तो उठला आणि सरळ पुढच्या अंगणात गेला. लहानी त्याला थांबवायला धावली, पण तो बायांच्या मधोमध जाऊन उभा राहिला होता.

"आये, तिला दिवस गेले नाय. जानार पन नाय. तिच्यात काय दोष नाय. माज्यात हाय. ट्रॉली पडली त्या दिवसापासनं माज्यात काय ऱ्हायलं नाय."

 धोंडूबाईच्या हातातला तांब्या कलला आणि पाणी तिच्या पायांवर सांडलं.

"काय बोलतंस रे?"

"खरं बोलतंय."

धोंडूबाई पुढं आली आणि तिनं लेकाच्या थोबाडीत मारली. "येवडी वर्सं? येवडी वर्सं मी तिला बोलत व्हते, आन तू जेवत व्हतास?" तिनं दुसरी मारली. महिपतनं मार खाल्ला. मग ती घरात गेली आणि तिनं दार लावून घेतलं. कमळाबाईनं नारळ पदराखाली घेतला, बायाही एकेक करून उठल्या.

त्यानंतरचे महिने वाईट गेले. गोष्ट वाडीतून सापगावात, सापगावातून शहापूरच्या बाजारात गेली. चहाच्या टपरीवर महिपत आला की कोणी खाकरायचं, कोणी हसायचं. त्यानं चहा सोडला नाही. संपवून मगच उठायचा. धोंडूबाई पावसाळाभर दोघांशीही बोलली नाही. लहानीची तिनं कधी माफी मागितली नाही. पण वासिंदच्या मुलीचं नावही पुन्हा घेतलं नाही, आणि लावणीच्या दिवसांत एकदा लहानीला ताप आला तेव्हा तिच्या वाटणीची भाताची आवणं ती न सांगता लावून आली.

वाचलेल्या चकत्यांची तपासणी झाली तेव्हा डॉक्टरांनी महिपतला बोलावलं. मांसाची एक बारीक पट्टी काचेच्या नळीत पाण्यात टांगली होती, तिला तार बांधली होती, आणि तारेचं दुसरं टोक एका टाकाला. कागद सरकत होता आणि टाक सरळ रेघ काढत होता. डॉक्टरांनी एका औषधाचे थेंब टाकले. रेघ हळूहळू वर चढायला लागली.

"आवळलं," डॉक्टर म्हणाल्या. मग दुसऱ्या औषधाचे थेंब टाकले. रेघ थरथरली आणि उतरायला लागली. "आणि हे सैल झालं. स्नायू असा सैल झाला की शरीरात त्यात रक्त भरतं. जिवंत मांस करतं ते हे करतंय. थोडंच करतंय, पण करतंय."

महिपत नळीवर वाकला. त्याच्या श्वासानं काच धुरकट झाली, ती त्यानं बाहीनं पुसली. "ह्ये माजं?"

"तुमच्या पेशींपासून वाढलेलं."

"पुन्हा करा," तो म्हणाला. डॉक्टरांनी पुन्हा केलं. रेघ चढली, उतरली. तो कितीतरी वेळ बघत राहिला. लहानी दाराशी उभी होती. त्यानं वळून तिच्याकडं बघितलं, आणि दोघांपैकी कोणीच नजर खाली घेतली नाही.

त्यातून औषध निघालं नाही. महिपतला काही बसवलं गेलं नाही, डॉक्टरांनी सांगितलं होतं तसंच झालं. काही वर्षांनी ट्रस्टनं हात आखडता घेतला, कुणालीताई पुण्याला गेल्या, ससे गेले, आणि त्या शेडांतून पुन्हा कोंबड्या ओरडायला लागल्या. लहानी घरची शेती बघू लागली.

पण जाताना डॉक्टरांनी ठाण्याच्या सर्जनांना महिपतचं नाव, त्याला विचारून, सांगून ठेवलं होतं, तसाच कोणी पेशंट आला तर बोलायला त्याच्याकडं धाडावा म्हणून. खाणीत, भिंतीखाली, मोटारसायकलवरून कंबर मोडलेला एखादा जवान माणूस अधूनमधून वाडीत यायचा. शहापूरचा, मुरबाडचा, एकदा पार कसाऱ्याकडचा. येणारा आधी पिकापाण्याचं बोलायचा. महिपत त्याला बोलू द्यायचा. मग लहानी चहा ठेवून, सासूला घेऊन बाहेर जायची, आणि आत महिपत विचारायचा, "बायकोला सांगतलंस का? नाय? मंग आज घरी जाऊन पयलं त्ये कर. बाकीचं मंग बोलू."